मिठातल्या मासोळ्या

गुणाबाईच्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्या कधी पूर्ण बऱ्या होत नाहीत. ती मेंदीचा पाला वाटून लावते, चुलीजवळ बसून पाय शेकते, आणि पहाटे पुन्हा नाल्यात उतरते.

लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून हेच काम. गाव वैनगंगेच्या काठचं, मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं नदीकडच्या उतारावर. नवरा रामाजी डोहात गळांची दोरी टाकतो. लांब दोरी, तिला ओळीने लोंबणारे गळ, आणि प्रत्येक गळाला एक बोटाएवढी मासोळी. तिला भुलून तळातला शिंगाडा मासा वर येतो, लांब मिशांचा, अंगावर खवलं नसलेला, काट्याने हात फाडणारा. लोक शिंगाडा बघतात आणि रामाजीचं नाव घेतात. ती बोटाएवढी मासोळी कुठून आली हे कोणी विचारत नाही.

ती नाल्यातून येते. उजाडायच्या आधी पाणी थंड असतं आणि मासोळ्या काठाला सुस्त पडलेल्या असतात. गुणाबाई जुन्या नायलॉनच्या लुगड्याची दोन टोकं कमरेला बांधते, दोन हातात धरते, मध्ये भाताच्या कोंड्याचा गोळा सोडते आणि मांड्यांपर्यंतच्या पाण्यात उभी राहते. हलायचं नाही. खोकला आला तरी गिळायचा. लुगड्याच्या झोळीत चंदेरी हालचाल दिसली की हळूच टोकं उचलायची, आणि मासोळीला ओल्या हातानेच धरायचं. कोरड्या हाताने तिच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातं आणि ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

त्या मासोळ्या ती नाल्याच्या कडेला पुरलेल्या माठात सोडते. माठाच्या पोटाला बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी आत-बाहेर होतं. तोंडावर बाभळीची काटेरी फांदी, खंड्या पक्ष्याने येऊन उचलू नयेत म्हणून. संध्याकाळी रामाजी येतो, माठात हात घालतो, बोटांवरून सुळसुळ गेली की मान हलवतो. शिंगाड्याला जितीच मासोळी लागते, असं त्याचं ठाम मत. शेजारचा डोमा कोंबडीची आतडी लावतो, म्हणून रामाजी त्याला गावभर खाटीक म्हणून हाक मारतो. डोमाही काही कमी नाही. तो रामाजीला म्हणतो, तुझ्या मासोळ्यांना तर बाई पाळण्यात झोपवते.

गुणाबाई हसायची. अलीकडे तिला हसायचाही कंटाळा येतो. नाल्यात पूर्वीसारखी मासोळी राहिली नाही. आधी एकदा झोळी उचलली की काम व्हायचं, आता ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहावं लागतं. घोट्यांपासून सुरू झालेली कळ गुडघ्यांत येऊन मुक्काम करते. घरी आल्यावर ती उंबऱ्यावर बसते आणि बराच वेळ पाय आपले नसल्यासारखी त्यांच्याकडे बघत राहते.

दिवाळीनंतर मुलगी दिव्यानी बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती. त्यांच्या घरात एक रीत आहे. लेक पहिलं मूल घेऊन आली की तिला आधी नदीवर न्यायचं, आणि बापाने स्वतः धरलेला शिंगाडा तिच्या ओटीत घालायचा. विकतचा चालत नाही, दुसऱ्याने दिलेला चालत नाही. रामाजीच्या आईने ही रीत पाळली होती, तिच्या सासूनेही. डोहाच्या पाळ्या ढिवरांनी वाटून घेतलेल्या आहेत. रामाजीची पाळी नेमकी दिव्यानी येण्याच्या आदल्या संध्याकाळी होती, त्यानंतर डोमाची. ती संध्याकाळ हुकली तर डोह परत मिळेपर्यंत लेक सासरी गेलेली असणार.

म्हणून गुणाबाई आधीपासूनच माठ भरत होती. पण खंड्या धीट झाला होता, फांदी सरकवून चोच घालायचा, आणि एकदा तर माठात पाणसाप सापडला. सून साधना हे रोज ऐकत होती. तिचा नवरा मिथुन घुग्घुसला ट्रकवर आहे, महिन्यातून एकदा येतो. घरी सासू-सासऱ्यांचं तीच बघते. डोहाच्या पाळीच्या दिवशी सकाळी सासूला जरा आराम मिळावा म्हणून ती एकटीच नाल्यावर गेली, काटेरी फांदी काढली आणि माठाच्या तोंडावर नवी कोरी मच्छरदाणी घट्ट बांधली. हिवतापासाठी घरोघरी वाटलेली, औषध लावलेली. दोन पदर करून बांधली, मधला भाग पाण्यात बुडाला.

दुपारी गुणाबाई साधनाला घेऊन माठाजवळ गेली तेव्हा सगळ्या मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या.

साधनाला तिथेच आठवलं, की गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईने वाटताना सांगितलं होतं, ही जाळी नदीनाल्यात धुवू नका, औषधाने मासे मरतात. ती रडायला लागली. गुणाबाई रागावली नाही. रागवायला अंगात काहीतरी असावं लागतं. तिने माठ उपटला, काठापासून लांब खड्डा केला आणि मासोळ्या पुरल्या. विषाने मेलेली मासोळी गळाला लावायची नाही, कोंबड्यांनाही टाकायची नाही. मग मच्छरदाणी गोळा करून साधनाच्या हातात दिली आणि घरी जायला सांगितलं.

रामाजी पडवीत गळांना धार लावत बसला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊनही जवळचं दिसत नाही, दुसरा धूसरच आहे, म्हणून गळ गालाजवळ नेऊन बोटाने चाचपत होता. गळाला मासोळी लावायचं काम हल्ली गुणाबाईच करते. साधनाने रडत रडत सगळं सांगितलं. त्याने हातातला गळ खाली ठेवला.

"झालं मग," तो म्हणाला. "दिव्यानीले सांगू, बाप म्हातारा झाला."

गुणाबाई आत गेली. शिंक्याखालच्या कोपऱ्यातून एक प्लास्टिकची बरणी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. बरणीत खडेमिठाच्या थरांमध्ये बारीक मासोळ्या होत्या, पोटं दाबून रिकामी केलेल्या, हळदीने पिवळसर झालेल्या, वाळून कडक.

"खायच्या हायेत ना ह्या?" त्याने विचारलं.

"नाई. गळाच्या."

रामाजीने झाकण काढलं, वास घेतला, आणि तोंड फिरवलं. मेलेली मासोळी लावून डोमाच्या पंगतीत बसायचं का, असं काहीसं तो पुटपुटला. गुणाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पाय पसरले. आता उभं राहून बोलण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

"मागच्या पावसाळ्यापासून ह्याच लावून राह्यली मी," ती म्हणाली. "पुढच्या गळांले जित्या, बाकी साऱ्या मिठातल्या. पावसाळ्यात भेटते तवा मिठात भरून ठेवते, मंग नाल्यात भेटतच नाई. तुमाले दिसत नाई, म्हणून समजलं नाई."

"अन् मंग पहाटे कायले जातेस नाल्यात?"

"तुमी माठात हात घालता म्हणून."

साधना दारात उभी होती, ती आत सरकली. रामाजीने बरणीतून एक मासोळी काढली, बोटांत दाबून पाहिली, वाकवून पाहिली. ती तुटली नाही.

"मीठ किती घालतेस?"

"थर झाकेपर्यंत. वरून गोटा ठेवते, पानी निघून जाते."

"गळावरून सरकत नाई?"

"जितीच सरकते. हे नाई."

ऊन उतरल्यावर दोघं डोंग्यात बसली. तो वल्हवत होता, ती पुढे बसून मासोळ्या पाण्यात बुडवून मऊ करत होती आणि एकेक गळाला लावत होती. दरवेळी तो विचारायचा, नीट लागली का. या वेळी त्याने विचारलं नाही. दोरी पाण्यात जात राहिली. काठावर डोमा जाळं वाळवत बसला होता, त्याने हात केला, रामाजीनेही केला.

उजाडताना दोरी काढली. सुरुवातीचे गळ मोकळे आले, काहींवर नुसती मासोळीची कातडी उरली होती. गुणाबाई दोरी ओढत होती आणि रामाजी तिच्या हातांकडे, धूसर नजरेने, बघत होता. दोरी संपत आली तेव्हा ती जड झाली. तिने ती त्याच्या हातात दिली. शिंगाडा मोठा नव्हता. काठाला डोंगा लागेपर्यंत त्याच्या मिशा हलत होत्या.

दिव्यानी सकाळच्या गाडीने आली. बाळाला नदीचं पाणी लावलं. ओटीत तांदूळ, हळकुंड, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला शिंगाडा. रामाजी तो घालत असताना गुणाबाईने खालून आधार दिला.

डोमा बघायला आला होता. त्याने विचारलं, काय लावलं होतं भाऊ, जितीच ना?

"मले काय इचारतेस गा," रामाजी म्हणाला. "बाईले इचार."

डोमा हसला, त्याला थट्टा वाटली. गुणाबाई बाळाच्या अंगावरचं पाणी पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला तिला जाग आली. तिने पाय खाटेखाली सोडले, थंड जमिनीला टेकवले आणि अंधारात लुगडं शोधायला हात लांब केला.

"झोप," बाजूच्या खाटेवरून रामाजी म्हणाला.

तिने पाय वर घेतले. झोप काही आली नाही. इतक्या वर्षांचं अंग, त्याला या वेळी पाण्यातच असायची सवय. ती पांघरुणात पडून राहिली, आणि बोटांमधल्या चिखल्या कोरड्या होताना कशा खाजतात ते तिला पहिल्यांदाच एवढं नीट कळलं.