इंजिनाचा घोडा

"घाई हाय का, मालक? मग उद्या करू."

मामांचं हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापायचं. समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं, आणि हा माणूस शांतपणे सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसतोय! तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यावर रोज चिडायचं आणि ज्याच्यावाचून रोज अडायचं.

नळदुर्गला हायवेलगत माझं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. मामा माझ्या नात्यातले नव्हेत; साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घर माझ्या शेडच्या मागंच. सकाळी "जय भीम, मालक" म्हणत यायचे आणि पालथ्या डब्यावर बसायचे. मी त्यांच्या लेकाच्या वयाचा, पण त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नाही. ते काही कामाला नव्हते. बसल्या बसल्या माझ्या चुका मात्र काढायचे.

तेव्हा आम्ही दुरुस्त केलेलं इंजिन जुन्या टायरांवर ठेवून, साखळीनं कडुलिंबाच्या झाडाला बांधून चालू करून बघायचो. एकदा साखळी सुटली आणि इंजिन माझ्या पायापासून वीतभर अंतरावर कलंडलं. मी हसण्यावारी नेलं. मामा हसले नाहीत.

"इंजिनाला बैठक लागती, मालक. न्हायतर ते कुणाचा तरी पाय घेतं."

दुसऱ्या दिवशी ते मला भंगारवाल्याकडं घेऊन गेले. ट्रकच्या जुन्या चासीचे दोन सरळ तुकडे निवडायला त्यांनी अख्खी सकाळ घातली. मग कापणं, वेल्डिंग, पुन्हा मोजणं. कुठलंही इंजिन बसावं म्हणून भोकं लांबट पाडली. पंख्यापुढं जाळी बसवली. लोखंडाच्या त्या सांगाड्याला आम्ही घोडा म्हणू लागलो.

शेवटी मामांनी आणखी एक काम काढलं. इंजिनात हवा जाते त्या नळीवर लोखंडी झडप, झडपेला तार, आणि तार ओढायची मूठ सहा पावलं लांब, खांबावर.

"मामा, डिझेल तोडलं की इंजिन बंद होतंच की. हे कशाला?"

"डिझेल तोडूनबी बंद न झालेलं इंजिन म्या बघितलंय."

"कुठं?"

ते चष्मा पुसू लागले. मी ती झडप गिऱ्हाइकांना दाखवून त्यांची थट्टा करायचो. ते ऐकून घ्यायचे.

मग एके दुपारी एका ट्रकचं इंजिन घोड्यावर चढवलं. त्याच्या टर्बोचं, ऑईल अडवणारं जुनं सील मी तसंच बसवलं होतं. सुरुवातीला इंजिन छान चाललं. मग आवाज आपोआप चढू लागला. मी डिझेल तोडलं, तर ते आणखीच सुसाट सुटलं. फुटक्या सीलमधून स्वतःचंच ऑईल ओढून ते पळत होतं. शेड निळ्या धुरानं भरली. माझे हात इंजिनाच्या पंपावर, आणि पाय हलेनात.

"हात काढा! मागं सरका!"

मामांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मूठ ओढली. झडप धाडकन मिटली, हवा तुटली, इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

मामा खालीच बसले. 

"कारखान्यात असंच एक पळालं व्हतं," ते म्हणाले. "फुटलं. माझ्या जोडीदाराचे दोन्ही हात गेले. आमच्याकडं झडप नव्हती."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "पाया काय पडताय? आधी सील बदला."

पुढं त्यांची नजर अधू झाली आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते वारल्याचं मला चार दिवसांनी कळलं. मी पुण्याला लेकीच्या घरी गेलो. ती सांगत होती, सोसायटीतल्या निम्म्या घरांची यंत्रं तिच्या आबांनी हातानं चाचपून नीट केली. एवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची बाई, हातात मिक्सर. ती बाहेरगावाहून नुकतीच परतलेली, तिला काहीच माहीत नव्हतं.

"आजोबा आहेत का?"

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो आणि मिक्सर हातात घेतला.

"द्या," म्हटलं, "मी बघतो."