अकरा नावं, एक सही

बेसा वस्तीतल्या आमच्या घरी चार जुम्म्यांची नमाज झाली आणि पाचव्या जुम्म्याला माझा नवरा तुरुंगात होता. मशीद लांब, माणसं म्हातारी, म्हणून दुपारी आमच्या हॉलमध्ये चटया अंथरायचो. एवढाच गुन्हा.

नवऱ्याची जिंदगी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात गेली. तिथं मशीनला हात लावायच्या आधी लेखी परवानगी घ्यायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. ही खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. त्यानं अकरा जणांची नावं, पत्ते लिहून सोसायटीच्या सेक्रेटरीला नेऊन दिले. सेक्रेटरी म्हणजे त्याच्याच शिफ्टमधला जिवाभावाचा दोस्त, आमचा शेजारी.

"काहून एवढं लिहून राहिला गा? आपल्याच घरात तर पढशीन!" असं हसून म्हणत त्यानं खाली 'हरकत नाही' लिहिलं, सही केली आणि कागद ठेवून घेतला. झेरॉक्स काढा म्हटलं, तर नवरा माझ्यावरच चिडला. दोस्तावर भरोसा नाही का तुला?

घ्या भरोसा! पोलीस आले तेव्हा हवालदाराच्या हातात तीच यादी होती. एकेक नाव वाचून माणसं गाडीत बसवली. विनापरवानगी जमाव जमवला, म्हणे. 'हरकत नाही' आणि सही असलेला खालचा भाग तेवढा फाडलेला.

मी शेजारी धावले. "भाऊजी, तुम्ही हो म्हटलं होतं, एवढंच ठाण्यात सांगा. सुटतील ते."

तो मान खाली घालून म्हणाला, "भाभी, वरून लई प्रेशर होतं. माहं नाव नका घेऊ." आणि दार लावलं. ह्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डबा माझ्या घरून गेला होता. अंगाची नुसती लाहीलाही झाली.

मुलाकातीत नवरा पहिलं हेच विचारायचा, दोस्त येऊन गेला का? मी खोटं सांगायची, कुहीला शेतावर गेलाय. बारा दिवसांनी जामीन झाला. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं, फाटक्या कागदासकट.

दुसऱ्या दिवशी दोस्त दारात. "काय गा, बरा हायेस न?"

"ये, बस," नवरा म्हणाला, आणि मला दोन चहा सांगितले. भीतीनं की मैत्रीनं, अल्ला जाणे. पोलीस आले तेव्हा मी रडले नव्हते. त्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडले. चहा काही केला नाही.