फुल्लच्या उलट

अमरावतीच्या आमच्या घरात पाहुण्याचं पहिलं ‘नको’ कोणी ऐकतच नसे. दुसरं ऐकू येई, पण ते शिष्टाचारात जमा होई. तिसऱ्याला वाढणारा जरा थबके आणि मग दोन पोळ्या जास्त टाके. एक दूरचे काका हा आग्रह सोसेना म्हणून पंगतीतून उठून पळाले, ते थेट चिखलदऱ्याला जाऊन थांबले. मागोमाग जिलब्यांचं पातेलं घेऊन माणूस धाडला. तो पोचला तेव्हा जिलब्या गरम होत्या असं घरात सांगतात. मी एवढंच म्हणेन, की कोमट असाव्यात.

अशा घरात वाढलेला मी मामांना घेऊन अकोल्याला मुलगी पाहायला गेलो. पाहायला हे आपलं म्हणायचं. अकोटच्या एका लग्नात ती मठ्ठा वाढताना मी तिला पाहिलं होतं. तिनं कोणालाही हवं-नको विचारलं नाही, वाटी दिसली की भरली, आणि तेव्हापासून माझं दुसरीकडे लक्ष लागत नव्हतं. तिचे वडील इंग्रजी शिकवणारे हेडमास्तर. नागपूरचे साहेब वऱ्हाडात शाळा तपासायला आले की यांच्यासमोर आपलंच इंग्रजी तपासून घेत, अशी ख्याती. बेत पुरणपोळीचा असणार हे कळल्यामुळे मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मूर्तिजापूरला माझं पोट असं वाजलं, की गार्डानं हिरवा बावटा दाखवला.

पानं मांडली. मी, मामा आणि हेडमास्तर ओळीनं बसलो. तुपात बुडवून पहिली पोळी मी दोन घासांत संपवली. हेडमास्तरांनी विचारलं, “अजून एक घ्यान?”

मी मान खाली घालून म्हणालो, “नको, पोट भरलं.” आणि इंग्रजीवाल्याचं घर म्हणून वर जोडलं, “फुल्ल.”

“ठीक,” ते म्हणाले, आणि आत आवाज दिला, “पाहुन्यायचं झालं वं.”

एवढंच. दुसरं विचारणं नाही, तिसरं नाही. मामांनी पहिल्याच हाकेला ‘वाढा’ म्हटलं होतं. त्यांच्या ताटात पोळ्यांचा बुरूज उभा राहिला आणि त्याआडून त्यांचे फक्त कान दिसत होते.

हेडमास्तर मात्र खुलले. “फुल्ल. चांगला शब्द निवडला तुमी. लॅटिनातला प्लेनस, आपल्या संस्कृतातला पूर्ण आन् हा फुल्ल, एकाच घरचे भाऊ. तुमी आता खाल्लं ते पुरण त्यायचंच पोरगं. कोनाले ‘पुरे’ म्हनता, तेही त्यातलंच.”

पुरण या शब्दावर माझी नजर मामांच्या ताटाकडे गेली.

“आता उलट सांगा. फुल्ल तिकीट?”

“हाफ.”

“फुल्ल मून?”

“न्यू.”

“डबा फुल्ल?”

“एम्प्टी.”

“वा. आता मानसाचं पोट फुल्ल. त्याच्या उलट?”

उत्तर पुस्तकात होतंच, पण माझ्या पोटानं ते आधी दिलं. लांब, खणखणीत आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. मामांचा घास हातातच राहिला.

हेडमास्तरांचा चेहरा बदलला. “म्हंजे तुमी उपाशी हा?”

“हो.”

“मंग फुल्ल कावून म्हनलं?”

“आमच्याकडे पहिलं नको धरत नाहीत.”

“आमी धरतो. मले शब्दाचा पक्का मानूस पाह्यजे. जो पोळीवरून खोटं बोलते, त्याले मी पोरगी कशी देऊ?”

मामांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या तोंडात पुरण होतं. मी ताटाकडे पाहत बसलो. ताट स्वच्छ होतं. अकोटची मठ्ठ्याची वाटी हातातून निसटत होती आणि हेडमास्तर हात धुवायला उठू लागले.

तेवढ्यात ती आतून पोळ्यांची परात घेऊन आली. “बाबा, बसा. आपल्या घरून आतापावेतो सारेच पाहुने उपाशी गेले. त्या मागच्या इन्स्पेक्टरनं स्टेशनावर केळी खाल्ली, सारं अकोलं जानते. ह्या एकानं तोंडावर सांगतलं तरी.”

“त्यानं नाही, त्याच्या पोटानं सांगतलं.”

“मंग ते तरी खरं बोलते ना?”

हेडमास्तरांनी तिच्या हातातल्या परातीकडे पाहिलं. मग परत पाटावर टेकले.

तिनं मला विचारलं नाही. एक पोळी, तिच्यावर दुसरी, वर तूप. पुढे मी खरोखर ‘पुरे’ म्हणालो, दोन्ही हात ताटावर धरले, शेवटी इंग्रजीतही सांगितलं. तिनं बोटांच्या फटीतून वाढलं. हेडमास्तर बाजूला बसून म्हणत होते, “पाह्य बाई, आता तो खरं बोलून राह्यला वाटते.”

“कसं समजाव?” ती म्हणाली, आणि अजून एक टाकली.

परतताना मला टांग्यात चढवायला चौघं लागले. घोड्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि तो खालीच बसला. लग्न वैशाखात झालं.