सुनंदा घड्याळ मागे नेत नसे

रविवार, सकाळ, धायरी. हजर: सुनंदाचे यजमान रामटेके भाऊजी, बंगळूरूहून आलेली त्यांची मुलगी प्रज्ञा, शेजारच्या दोघी आणि हडपसरच्या ऑफिसातले आम्ही चौघं. कुठेही गेलं की आधी हजेरी मांडायची ही माझी जुनी सवय. सुनंदा असती तर म्हणाली असती, "मला काहून नाही लिहिलं?" ... ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, जेवणं झाली आणि प्रज्ञानं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "मावशी, बाबा अजून रोज संध्याकाळी स्कूटर काढून स्वारगेटला जातात. आईची ऑफिसची बस यायची तिथं. उभे राहतात आणि परत येतात. मला भीती वाटते. मी त्यांना याच आठवड्यात घेऊन जाते, तुम्हीही समजवा." मी लगेच 'हो' म्हटलं. राहिलेली कामं उरकायला मला आवडतं. पण भांडी विसळता विसळता सुनंदाच डोळ्यांपुढे येत राहिली.

पुण्यात जागोजागी संगणक कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, त्या दिवसांत ती नागपूरहून आली. मेनफ्रेम या कपाटाएवढ्या यंत्रावर आम्ही दोघींनी काम सुरू केलं. पुढे बाकीचे नव्या गोष्टींकडे गेले, ती तिथेच राहिली. नवी मुलं विचारायची, "मॅडम, हे म्युझियममधलं मशीन ना?" "हो ना, तुमचा पगार त्याच म्युझियममधून निघते," ती म्हणायची.

मग त्याच कपाटात शेकडो सर्व्हर राहायला आले. आभासी सर्व्हर, प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र यंत्र आहोत, पण खरं यंत्र एकच आणि त्यावर पाळीपाळीनं काम करायचं. पाळी नसेल तेव्हा त्या सर्व्हरचं घड्याळही थांबायचं आणि मागे पडायचं. सुनंदा म्हणायची, "दुपारी झोपलेल्या माणसाला उठवा, तो म्हणते आत्ताच तर डोळा लागला होता. तसंच आहे हे." या सगळ्या घड्याळांची वेळ एक ठेवणं हे तिचं काम.

एकदा एका ग्राहकाकडे उलटंच झालं, घड्याळं पुढे पळाली. मागे पडलेली वेळ खालचं मोठं यंत्र भरून काढत होतं आणि प्रत्येक सर्व्हरवर आमच्याच माणसांनी बसवलेला प्रोग्रॅमही तीच वेळ पुन्हा भरून काढत होता. एका चुकीला दोघे दुरुस्त करणारे! ग्राहकाचा माणूस फोनवर ओरडत होता, "घड्याळ मागे करा ना, विषय संपेल!" सुनंदा शांतपणे म्हणाली, "अहो, मागे केलं तर तीच वेळ दोनदा येईल. आधी भरलेले पैसे नंतर भरल्यासारखे दिसतील. दोघांतला एक दुरुस्त करणारा मी बंद केला. आता फक्त घड्याळाची चाल थोडी कमी करते. खरी वेळ येऊन त्याला गाठेल." काम वेळेत उरकून घेणं माझ्याकडे होतं, मी तिच्या डोक्यावर उभी. तिनं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "काहून एवढी घाई करून राहिली बाप्पा? जेव." संध्याकाळपर्यंत सगळी घड्याळं जुळली. एकही नोंद उलटीपालटी झाली नाही.

हात पुसून मी बाहेर आले तर प्रज्ञा वडिलांना सांगत होती, "बाबा, मी तिकीट काढते." आता मीही बोलायचं, असं ठरलं होतं. मी तिच्याशीच बोलले. "दोघींनी मिळून त्यांना ओढायला नको गं. तू रोज फोन कर, मी गप्प बसते. आणि तिकीट राहू दे."

"आणि ते स्वारगेट?" प्रज्ञाचा आवाज चढला.

भाऊजी म्हणाले, "अगं, मला वेड नाही लागलं. ती नाही हे मला ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की गाडी काढली जाते, एवढंच..."

प्रज्ञा खूप रडली आणि एकटी परत गेली. तिच्या फोनवरून कळतं, भाऊजी आता रोज जात नाहीत. कधी सिंहगड रस्त्यावरूनच मेथीची जुडी घेऊन परततात. 'मी अर्ध्यातून वळलो' असं ते आपणहून तिला सांगतात.

मागच्या आठवड्यात मी धायरीला गेले, तेव्हा स्कूटर दारातच होती. पुढच्या हुकाला सुनंदाचं जांभळं हेल्मेट. मागे बसणारीनंही हेल्मेट घालायचं, हे पुण्यात मी याच एका जोडप्याकडे पाहिलं. त्यावरून सबंध ऑफिस तिला चिडवायचं. आत अजून तिचा एक केस अडकलेला आहे.

"हे आत ठेवू का, भाऊजी?"

"बघू," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बरं." ते हेल्मेट काढायचं तेवढं राहिलं आहे.