आल्फोन्सच्या दारचं तोरण

गुडुला पावाची कड आधी खायची, मऊ भाग नंतर.
भाषणाच्या कागदावर ती फक्त पहिलं वाक्य लिहायची. बाकीचं आपोआप येतं, म्हणायची. बहुतेक वेळा यायचंही.
मतदानाचं बटण दाबण्याआधी अंगठा स्कर्टला पुसायची.
लांबलेल्या चर्चेत डुलकी येऊ लागली की चष्मा काढून हातात धरायची, म्हणजे लोकांना ती विचार करतेय असं वाटावं.
गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायची.
दिवसाढवळ्या पडदे ओढून घ्यायची.
फोन वाजला की उचलण्याआधी श्वास रोखायची.

शेवटच्या तीन सवयी नव्या होत्या. त्या फेब्रुवारीनंतर लागल्या.

गुडुला वेस्टरकांप चार वेळा युरोपीय संसदेवर निवडून आली, तरी तिला टीव्हीवर कधी कुणी पाहिलं नाही. तिचे वडील दूध संघाची गाडी चालवायचे. ती सहकारी बँकेत खिडकीवर बसायची. बालवाडीचं छत गळत होतं म्हणून गावच्या कौन्सिलवर गेली, तिथून जिल्ह्यावर. मग एका वर्षी पक्षाला उमेदवारांच्या यादीत एक बाई हवी होती. कॅथलिक, म्युन्स्टरच्या सपाट मुलखातली आणि फार न बोलणारी.

"केकवर चेरी ठेवतात ना, तशी ठेवली होती मला," ती सांगायची. "चेरी बसून राहील असं कुणाला वाटलं नव्हतं."

आमच्याकडे बाप्तिस्मा आणि पक्ष दोन्ही जन्माबरोबर येतात. ती त्या पक्षाची मनापासून होती. रविवारी चर्च, दिलेला शब्द पाळायचा, उधळपट्टी नाही, शेजार धरून राहायचं. ब्रसेल्समध्ये ती शेती समितीत बसली. दर शुक्रवारी गावी परत यायची आणि बेकरीच्या मागच्या खोलीत लोकांना भेटायची. वर्षातून दोनदा गावची बस स्ट्रासबूर्गला, संसदेच्या बैठकीला, यायची. बसमध्ये सॉसेज आणि बिअर. सभागृहाच्या गॅलरीतून आमचे लोक तिला हात करायचे. हात करायला मनाई होती. तीही परत हात करायची.

मी साहित्यात पदवी घेऊन घरी बसले होते. तिने मला बेकरीत गाठलं.

"काय करतेस गं, विबके?"

"वाचते."

"त्याचे पैसे मिळतात?"

"नाही."

"मग माझी पत्रकं लिही. पण साधं लिही हं. विशेषणं ब्रसेल्सला खूप आहेत, इथून न्यायला नकोत."

पहिल्या वर्षाच्या शेवटी तिने दारूचा ग्लास माझ्यापुढे धरला, आता अहो-जाहो पुरे म्हणाली, आणि त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करू लागले. ती साठीची, मी सव्वीसची. तिचा नवरा गेला होता. मुलं नव्हती. आम्ही मैत्रिणी होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

फेब्रुवारीत ओढ्यांच्या कायद्यावर मतदान झालं. ओढ्याच्या आणि चराच्या काठची पट्टी मोकळी सोडायची, तिथे खत नाही, फवारणी नाही. दोन वर्षं गुडुला त्या पट्टीच्या रुंदीवर घासाघीस करत होती. समोरच्या पक्षांना दुप्पट हवी होती. तिने ती निम्म्यावर आणली आणि शब्द दिला, एवढ्यावर मी हो म्हणेन. मतदानाच्या आदल्या दिवशी संसदेतल्या तिच्याच पक्षाच्या गटाने ठरवलं, सगळ्यांनी नाही म्हणायचं. निवडणूक जवळ आली होती.

तिने अंगठा पुसला आणि हिरवं बटण दाबलं. कायदा थोडक्या मतांनी मंजूर झाला. कुणी काय मत दिलं ते नावानिशी जाहीर होणार होतं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनवर तिचं नाव होतं.

गटाची शिस्त सांभाळणारा फोल्कमार आम्हाला लिफ्टपाशी भेटला. तो कधीच आवाज चढवत नसे.

"गुडुला, दुरुस्ती दे. चुकीचं बटण दाबलं म्हण. निकाल काही बदलत नाही, नोंदीत तुझं मत बदलतं. कायदाही राहील, तूही राहशील."

"पण मी चुकले नाही."

"अगं बाई, ते तुला आणि मला ठाऊक. गावाला कशाला?"

ती हसली. पण लिफ्टमध्ये तिने भिंतीला पाठ लावली. 

आल्फोन्स ब्र्युनिंग तिचा पहिला शेजारी. आमच्याकडे पहिला शेजारी म्हणजे सर्वांत जवळचं घर नव्हे. ते आजोबांच्या काळापासून दोन्ही घरांत ठरलेलं असतं. त्या घरात मूल जन्मलं, लग्न निघालं, कुणी गेलं, की आधी पहिल्या शेजाऱ्याने धावायचं. गुडुलाच्या नवऱ्याची शवपेटी पुढून आल्फोन्सने धरली होती. त्याच्या रानात चर जास्त आणि जमीन कमी. नव्या कायद्याने त्याचं सर्वांत जास्त जात होतं.

मतदानानंतरच्या शनिवारी ट्रॅक्टर आले. सगळ्यांत पुढे आल्फोन्सचा, मोठा, जुना, हिरवा. ते तिच्या घराभोवती उभे राहिले, पिवळे दिवे फिरत होते, भोंगे चालू होते. कुणीतरी फाटकात शेणखताची ट्रॉली उलटी केली. गुडुला दार उघडून बाहेर गेली. मी तिच्यामागे होते.

"आल्फोन्स, खाली उतर. कॉफी झालीय."

"तुझी कॉफी तुझ्या मासोळ्यांना पाज!" तो वरून ओरडला. "माझ्या बापाने खणलेला चर, आणि काठावर कसं चालायचं ते तू शिकवणार?"

"खत उतरल्यापासून तुझ्या बापाच्या विहिरीचं पाणी तू तरी पितोस का रे?"

 त्याने इंजिन बंद केलं नाही. ट्रॅक्टर एकेक पाऊल पुढे सरकला. खताच्या ढिगावरून चाक फाटकाचा खांब वाकवत आत आलं. थांबला तेव्हा त्याचं पुढचं लोखंड आणि गुडुला यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिला असता, एवढंच अंतर होतं. मग तो मागे वळला.

आत आल्यावर तिला खुर्ची सापडेना. खुर्ची तिच्यासमोरच होती.

मग फोन सुरू झाले. पलीकडे कुणी बोलत नसे. मागे दूध काढायच्या यंत्राचा आवाज. धक्, धक्, धक्. आमच्या भागात प्रत्येक गोठ्यात तोच आवाज असतो. बागेत एक हिरवा लाकडी क्रूस, शेतकरी निषेधाला उभारतात तसा, रोवलेला सापडला, त्यावर तिचं नाव आणि जन्मवर्ष. जन्मवर्षापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा.

पोलीस आले, फोटो काढला, म्हणाले लक्ष ठेवू.

त्यानंतर तिला ट्रॅक्टर ऐकू येऊ लागले. मला यायचे नाहीत.

"हा श्टेफानचा," ती पडद्याआडून म्हणायची. "हा दूध संघाचा. हा... थांब. हा आल्फोन्सचा."

"तो शेतात जातोय, गुडुला."

"हो. रस्ता तोच आहे."

मी एकदा म्हटलं, "दुरुस्ती देऊन टाक. मी लिहिते. दोन ओळींचं काम आहे."

तिने पावाची कड तोडली, पण खाल्ली नाही. "मला फार भीती वाटते गं. खोटं बोलून ती गेली असती तर बोलले असते. पण मग ते जिंकले म्हणून येतील, हसतील, पाठीवर थाप मारतील. आणि मला त्या थापेचीही भीती वाटेल."

मार्चमध्ये यादी ठरवायची सभा झाली. गावोगावचे प्रतिनिधी, मोठा हॉल, मटाराचं सूप. तिने पहिलं वाक्य वाचलं. पुढचं आलं नाही. ती माइकपाशी उभी राहिली. कुणी ओरडलं असतं तर तिला बोलता आलं असतं, असं मला वाटतं. कुणी ओरडलं नाही. सुपाचे चमचे तेवढे वाजत होते. यादीत तिला इतकं खाली टाकलं की निवडून येण्याचा प्रश्नच उरला नाही.

गाडीत ती म्हणाली, "चला, ते झालं. आता फक्त इथे राहता आलं पाहिजे. दुसरं घर नाही मला."

मे महिन्यात आल्फोन्सच्या मुलीचं, मारेनचं लग्न होतं. वधूच्या दारावर कमानीसारखं तोरण लागतं. फरच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडाच्या, फांद्या दोरावर तारेने बांधायच्या, त्यात कागदी गुलाब. ते बांधायचं पहिल्या शेजाऱ्याच्या शेडमध्ये. बायका बांधतात, शेजारचे पुरुष फांद्या आणतात. लग्नघरातल्या माणसाने तिकडे फिरकायचं नाही, तोरण पाहायचंही नाही. ते अशुभ मानतात. आणि तोरण पुरं झालं की कमानीच्या मधलं फूल पहिल्या शेजाऱ्याने स्वतः बांधायचं.

"तू बांधणार?" मी विचारलं.

"मी पहिली शेजारीण आहे. ते कायद्याने बदललेलं नाही." ती पुढे हळूच म्हणाली, "कुणी आलं नाही तर मी जाईन इथून. कुणी आलं तर राहीन. एवढं तरी कळेल."

गुरुवारी दुपारी तिने शेडचं दार उघडलं. फळ्यांची लांब मेजं मांडली. आमच्याकडच्या रीतीचे, कांदा घातलेल्या कच्च्या खिम्याचे पाव, धान्याच्या दारूची बाटली. गुलाब तिने आठवडाभर बंद पडद्यांआड बसून केले होते. कपड्यांची टोपली भरली होती. पाला मात्र नव्हता. एकाही पुरुषाने फांदी आणून टाकली नाही. तिने स्वतःच्या बागेतला फर तोडला होता, तो अर्ध्या दाराला पुरला असता.

बराच वेळ कुणी आलं नाही. गुडुला उभीच होती, दाराकडे तोंड करून.

मग बेकरीवाली आडेलहाइड आली, तिच्यामागे आणखी तिघी.

"काय गं, पाव उघडेच ठेवलेस? माश्यांचा पण मतदारसंघ आहे वाटतं तुझा!"

"माश्यांनी तरी मत दिलं असतं," गुडुला म्हणाली.

बायका हसल्या. मार्चनंतर मी पहिल्यांदा तिचे दात पाहिले. तार वळू लागली, बोटांना डिंक लागला. आडेलहाइडने मारेनच्या होणाऱ्या नवऱ्याच्या कानांबद्दल काहीतरी वाईट सांगितलं. गुडुलाने मधल्या फुलासाठी सर्वांत मोठा पांढरा गुलाब निवडून बाजूला ठेवला. पाला संपत आला होता.

"संपला की काय करायचं?" एकीने विचारलं.

"बघू," गुडुला म्हणाली, आणि थांबली.

तिने ऐकलं होतं. आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. मग आम्हालाही ऐकू आलं. जुनं, जड इंजिन. गल्लीत वळत होतं.

"हा आल्फोन्सचा," ती म्हणाली.

ती बरोबर होती. आणि आल्फोन्स आज इथे येऊ शकत नव्हता. ज्याच्या दारचं तोरण, तो बांधायच्या शेडकडे येत नाही. त्यामुळे तो येतोय तर तोरणासाठी नाही, एवढंच तिला कळलं. तिच्या तोंडावरचा रंग गेला. पांढरा गुलाब तिने मेजावर ठेवला, अगदी नीट. मागच्या दाराने ती बाहेर पडली. मी धावले तोवर गाडी सुरू झाली होती. तोंड रस्त्याकडेच होतं.

पुढच्या दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत फरच्या फांद्या होत्या, ताज्या, चिकाने ओल्या, उंचच उंच रचलेल्या. आल्फोन्स खाली उतरला आणि पाठ शेडकडे करून उभा राहिला, तोरण दिसू नये म्हणून.

"कुणी आणला नाही ना पाला?" तो समोरच्या भिंतीला म्हणाला. "मला ठाऊक होतं. भेकड साले. गुडुलाला सांगा, मी काही पाहिलं नाही."

आम्ही सगळ्या मागच्या उघड्या दाराकडे पाहत होतो.

"कुठंय ती?" त्याने विचारलं.

"गेली," मी म्हणाले.

तो वळला. त्याला वळायचं नव्हतं, पण वळला. मी त्याला विचारलं, फोन तू करायचास का.

"मी? मला राग आला तर मी दारात येऊन ओरडतो. फोन कशाला करू?" मग त्याने फाटकाकडे पाहिलं, चाकाने वाकवलेल्या खांबाकडे. त्याने टोपी काढली.

गुडुला आता तिच्या बहिणीकडे आहे, दूर दक्षिणेला. मी तिला फोनवर सगळं सांगितलं. फांद्यांचंही सांगितलं. ती म्हणाली, "हो का." मग म्हणाली, "विबके, मागे कसला आवाज येतोय?" माझ्या खिडकीखाली कुणीतरी यंत्राने गवत कापत होतं. तिने फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही.

लग्न झालं. तोरण आल्फोन्सच्या दारावर आहे, फांद्या तपकिरी पडल्यात, तरी त्याने उतरवलेलं नाही. दोन्ही बाजूंनी गुलाब आहेत. मधोमध, कमानीच्या टोकाला, नुसती तार बाहेर आलेली आहे. पांढरा गुलाब शेडमध्ये मेजावर आहे.