हेमाताईंचं अजून ठरत नव्हतं

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार, हे बहरीनच्या नईम भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ठरणार होतं. निदान हेमाताईंच्या दोन्ही मुलांचा तसा पक्का समज होता.

त्याचं असं झालं होतं. हेमाताई आणि सदानंद मूळचे चिंचवडचे. मुलं लहान असताना नोकरीपायी पेनसिल्व्हेनियाला गेले, तिथे बर्फ उपसला, मुलं वाढवली, हात वर करून शपथ घेतली आणि अमेरिकेचे नागरिक झाले. मुलं शिकून बाहेर पडल्यावर सदानंदांना बहरीनमधल्या एका बँकेत चांगली जागा मिळाली. दोन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं ठरवून दोघं इकडे आले. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. बहरीनमध्ये हेमाताई कोण, तर सदानंदांच्या व्हिसावर राहणारी बायको. चिंचवडला गेल्या की अमेरिकेवाल्या. अमेरिकेत गेल्या की मुलांच्या घरी आलेल्या पाहुण्या. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ह्या तर तीन घरच्या.

पण मत मात्र त्यांचं होतं, आणि तेही फार भारी मत होतं. परदेशात राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं मत त्याच्या तिथल्या शेवटच्या पत्त्यावर धरतात. मुलगा वरुण राहतो टेक्सासला, मुलगी सावनी न्यू जर्सीला. ह्या दोन्ही राज्यांत कोण जिंकणार ते शेंबड्या पोरालाही आधीपासून ठाऊक असतं. पेनसिल्व्हेनिया मात्र काठावरचं राज्य, तिथे कधी हा जिंकतो कधी तो. म्हणजे जी मुलं तिथे राहतात, कर भरतात, रोज बातम्या बघून रक्त आटवतात, त्यांच्या मताला कोणी विचारत नाही. आणि ज्या बाईला तिथलं दार बंद करून किती वर्षं झाली, तिच्या मताला सोन्याचा भाव.

सदानंद सरळ माणूस. त्यांनी आपण कोणाला मत देणार ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. सावनी "ओके बाबा" म्हणाली. वरुणने दोन दिवस वाद घातला आणि सोडून दिलं. त्यानंतर सदानंदांना निवडणुकीवरून एकही फोन आला नाही. निवडणुकीवरून सोडा, कशावरूनच आला नाही.

हेमाताईंनी ते पाहिलं. त्या शहाण्या होत्या.

"माझं बाई अजून ठरत नाहीये," असं त्या दोन्ही मुलांना म्हणाल्या. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा ते खरंच होतं. आणि मग फोन सुरू झाले. त्याआधी रविवारचा एक फोन असायचा, तोही चालत्या गाडीतून. कशी आहेस, बाबांचा गुडघा कसा आहे, ओके, बाय. आता वरुण तासभर बोलू लागला. पेट्रोल किती महाग झालं, घराचे हप्ते कसे वाढले, सरकार माणसाला कसं नागवतं. हेमाताई फोन भिंतीला टेकवून मेथी निवडत ऐकायच्या. पेट्रोल आणि हप्त्यांच्या मधूनच त्यांना कळलं की त्याची कंबर धरली आहे आणि तो पलंगावर न झोपता जमिनीवर झोपतो. सावनी बायकांच्या हक्कांवर बोलता बोलता एकदा थांबली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम सो टायर्ड, आई." हेमाताईंनी मेथी बाजूला ठेवली. हे वाक्य त्या मुलीने गेल्या कित्येक वर्षांत आईला म्हटलं नव्हतं.

बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, ते वेगळंच दुखणं होतं. मागच्या निवडणुकीच्या वेळी वरुणच्या घरी जेवणाच्या टेबलावर जुंपली. तुझा उमेदवार चोर, तुझा उमेदवार खोटारडा, इथपासून सुरू होऊन गाडी तू चोर, तू खोटारडी इथवर गेली. सावनी अर्ध्या ताटावरून उठली आणि बॅग घेऊन हॉटेलात राहायला गेली. तेव्हापासून दोघांचं टपालखातं म्हणजे आई. त्याला सांग, वहिनीच्या वाढदिवसाचं पार्सल पाठवलंय. तिला सांग, मिळालं. घरोघरी मातीच्या चुली हे खरं, पण ह्या चुलींच्या मध्ये उभं राहून हेमाताईंचे दोन्ही हात भाजले होते. सगळ्याचाच त्यांना कंटाळा आला होता. उमेदवारांचा, बातम्यांचा, एसीच्या घरघरीचा, आणि दोन पोटच्या पोरांना एकमेकांचे निरोप पोहोचवण्याचा.

त्यांनी मत तर केव्हाच देऊन टाकलं होतं. शेजारच्या लुर्डसला बरोबर घेऊन त्या कुरियरवाल्याकडे गेल्या आणि लिफाफा पाठवून आल्या. लुर्डस वसईची, इस्पितळात काम करते, तोंडाने फटकळ.

"कोणाला दिलं?" तिने विचारलं.

"ते नाही सांगणार."

"नको सांगू. माझं मत वसईला पडलंय. विमानाने जाऊन द्यायचं म्हटलं तर लीव कोण देणार? मला कोणी विचारत पण नाही. तुझ्या एका मताला दोन गिऱ्हाइकं." मग चालता चालता ती थांबली. "पण आता पोरांना काय सांगणार?"

"सांगणार, अजून ठरत नाही म्हणून."

लुर्डसने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अगो, पाप लागेल," ती म्हणाली, पण हसली नाही. तिची दोन मुलं कॅनडात आहेत. सदानंदांना हेमाताईंनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी फक्त चष्मा पुसला. अळीमिळी गुपचिळी.

अशात ती शेवटची डिबेट आली. दोन्ही उमेदवार टीव्हीवर समोरासमोर उभे राहणार होते. बहरीनमध्ये तेव्हा पहाटेचे चार वाजणार. वरुणचा मेसेज आला, आई, आपण दोघं मिळून बघू, मी तुला समजावतो. पाठोपाठ सावनीचा, आई, वॉच इट विथ मी. हेमाताईंनी दोघांना एकच उत्तर पाठवलं: पहाटे उठायचं माझं वय नाही. शनिवारी संध्याकाळी रेकॉर्डिंग बघेन. एकदाच बघेन. दोघं असाल तरच बघेन.

नाक दाबलं की तोंड उघडतं. दोघंही तयार झाले.

शनिवारी सदानंदांनी डिबेट टीव्हीवर लावली आणि लॅपटॉप टीपॉयवर उघडून ठेवला. त्यात दोन चौकटी होत्या, एकीत वरुण, एकीत सावनी. हेमाताई सोफ्यावर बसल्या. दोघांनीही ती डिबेट आधी पाहिलेली होती, त्यामुळे कुठल्या वाक्याला कोण हरतं ते त्यांना पाठ होतं.

"आता ऐक हं आई, आता ऐक," वरुण म्हणायचा.

"आई, आस्क हिम, याचं उत्तर दिलं का त्याच्या उमेदवाराने?" सावनी म्हणायची.

"तिला सांग, पुढचं वाक्य ऐक म्हणावं."

"त्याला सांग, मी ऐकलंय. ट्वाइस."

समोरच्या मोठ्या पडद्यावर दोन माणसं एका बलाढ्य देशाच्या भवितव्यावरून एकमेकांची उणीदुणी काढत होती. हेमाताईंनी तिकडे पाहिलंच नाही. त्या लॅपटॉपकडे बघत होत्या. वरुणचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. तो सारखा पाठीमागची उशी सरकवत होता, आणि तरी उठत नव्हता. सावनी वाळली होती. चिडली की भुवई वर करायची तिची लहानपणची सवय अजून होती, आणि बोलताना तिचे हात सदानंदांसारखे हलत होते. दोघं एका वेळी, एका ठिकाणी. किती वर्षांनी हे दिसत होतं. हेमाताईंचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आपण ह्या पोरांना फसवून इथे बसवलं आहे, हेही टोचत राहिलं.

डिबेट संपली. दोन्ही उमेदवार हात हलवून निघून गेले.

"सो?" सावनी म्हणाली. "हू वन?"

"विचार करते," हेमाताई म्हणाल्या.

मग गंमत झाली. फोन कोणीच ठेवेना. आपण आधी गेलो तर दुसरा आईला एकटीला गाठून पटवेल, ह्या धाकाने दोघंही बसून राहिले असणार, असं हेमाताईंना वाटलं. सदानंद चहा टाकायला उठले. बोलायला काही उरलं नव्हतं. शेवटी सावनी म्हणाली, "आई, माझी साबुदाणा खिचडी गोळा होते. ऑलवेज."

"पाणी जास्त घालतेस," वरुण म्हणाला.

हे वाक्य आईतर्फे गेलं नव्हतं.

"आय वॉज नॉट आस्किंग यू," सावनी म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही. आणखी थोड्या वेळाने दोघं मागेपुढे गेले. सदानंद चहाचे दोन कप घेऊन आले तर हेमाताई बंद पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"थकलीस?" त्यांनी विचारलं.

"थकले," हेमाताई म्हणाल्या. "त्याची कंबर धरलेली, आणि दोन तास बसला हो तो. नसलेल्या मतासाठी. आता पुरे झालं. मी सांगून टाकते."

"मग फोन बंद होतील," सदानंद म्हणाले. त्यांना अनुभव होता.

"होऊ देत."

म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारभर फोन हातात घेऊन त्या खाली ठेवत राहिल्या. एकदा सांगितलं की तासभर बोलणं गेलं, कंबर गेली, आय अ‍ॅम सो टायर्ड गेलं. राहणार फक्त रविवारचं ओके आणि बाय. पण खोटं बोलून मिळालेल्या मायेचाही आता शीण आला होता. त्यांनी वरुणला फोन लावला.

"वरुण, ऐक. मत मी केव्हाच पाठवून दिलंय. डिबेटच्याही आधी. तुम्हाला मी खोटं सांगत होते."

"माहीत आहे, आई."

"माहीत आहे? कसं?"

"वेबसाइटवर दिसतं ना. नाव आणि जन्मतारीख टाकली की कळतं, मत पोहोचलं की नाही ते. सावनीने बघितलं होतं, गेल्याच आठवड्यात. तिने मला सांगितलं."

हेमाताई खुर्चीवर बसल्या. "अरे, मग काल दोन तास कशाला बसलात दोघं?"

"सावनी म्हणाली, आईला कळू देऊ नकोस. आपण तिच्यासाठी भांडलो की शी लाइक्स इट, म्हणाली."

हेमाताईंचे कान गरम झाले. लाज वाटली, राग आला, हसूही आलं, आणि कुठलं आधी बाहेर काढावं ते कळेना. आपण मुलांना खेळवतोय असं त्या समजत होत्या, आणि मुलं त्यांना आजारी माणसासारखी सांभाळून घेत होती. मग ऐकलेल्यातली दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली.

"तिने तुला सांगितलं म्हणजे? फोन केला होता तिने तुला?"

"हो."

"म्हणजे तुम्ही दोघं बोलता?"

"फक्त तुझ्याबद्दल," वरुण म्हणाला.

हेमाताईंनी डोळे पुसले.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग माझ्याबद्दल तरी बोलत जा."