ढोलकीपुरतं गाणं

आमच्या दहावीच्या बॅचचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्याचा अॅडमिन कापूरहोळला लग्नाचे स्पीकर भाड्यानं देतो आणि ग्रुप म्हणजे आपल्याच दुकानाचा ओटा असल्यासारखा वागतो. कुणी बसायचं, कुणी उठायचं, सगळं तोच ठरवणार. उजाडलं की तिथं सुप्रभात सुरू. गुलाब, दव, उगवता सूर्य आणि खाली उपदेश. अरे बाबांनो, सूर्य भोरलाही उगवतो, दिसतो आम्हाला!

मला किडा वेगळाच. भोरच्या एसटी स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी इंटरनेटवर चित्रविचित्र वस्तू हुडकत बसतो. काडेपेटीवरचा सायकल चालवणारा वाघ, अंघोळ करणाऱ्या मांजरांचं जपानी चित्र, अंडं उकडलं की शिट्टी मारणारं कुठलंसं यंत्र, आणि जुन्या तबकड्यांवरची गाणी. सापडलं की ग्रुपवर टाकतो. "ह्याला काय कामधंदा न्हाई," असं लिहून सगळे तेच आपापल्या मेव्हण्यांना पाठवतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात परदेशातल्या कुणा हौशी माणसानं चढवलेली एक तबकडी लावली. आधी नुसती ढोलकी आणि तुणतुणं, बराच वेळ. मग आवाज आला. माझ्या बापाचा.

वेल्ह्याकडच्या आमच्या बौद्धवाडीत बापाची गायन पार्टी होती. एकदाच ते सगळे पुण्याला जाऊन गाणं भरून आले. तबकडी घरात आली, पण वाजवायला यंत्र कुणाकडं होतं? घर शाकारताना ती फुटली. पुढं बाप गेला, तेव्हा मी सातवीत होतो. ओळ संपताना तो नाकातून हुंकार द्यायचा. तो हुंकार मोबाईलमधून जसाच्या तसा आला. दुकानाचं शटर ओढलं आणि ढसाढसा रडलो, त्यात लपवायचं काय!

मग ते ग्रुपवर टाकलं. बापाचं आहे, हे मुद्दामच लिहिलं नाही. माझ्या तोंडाकडं न बघता कुणीतरी म्हणावं, गडी काय गायलाय! एवढंच मला हवं होतं.

"लई भारी!" "काय ढोलकी हाय राव!" धडाधड अंगठे पडले. मग कुणीतरी शब्द नीट ऐकले असणार. गाण्याच्या धृपदातच निळा झेंडा आहे. अॅडमिननं गाणं काढून टाकलं आणि खाली लिहिलं, "ग्रुपवर जातीचं काही टाकू नये." आणि ह्यांच्या तलवारी, फेटे, कुळाच्या वंशावळी रोज पडतात ती काय मेथीची भाजी? मी तेव्हा नुसते दात-ओठ खाल्ले.

दिवाळीनंतर बॅचचं जेवण ठरलं, हायवेच्या ढाब्यावर. अॅडमिननं स्पीकर आणले होते. जरा वेळानं माझ्या बापाच्या पार्टीची ढोलकी सुरू झाली. काढून टाकायच्या आधी ह्या भल्या माणसानं ती उतरवून घेतली होती! सगळे ताल धरायला लागले, एकजण तर उठून नाचायला लागला. मी ताठ बसलो. आता बाप तोंड उघडणार, तेवढ्यात गाणं तुटलं आणि ढोलकी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"पुढं वाजव," मी म्हणालो.

"पुढचं कापलंय मर्दा. कशाला उगाच चारचौघांत? म्युझिक बघ की, कसलं कडक हाय! लग्नातबी हेच लावतोय हल्ली."

"पुढं माझा बाप हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. नाचणारा खाली बसला. अॅडमिननं बटण दाबून ढोलकी बंद केली.

"आधी सांगायचं न्हाई का लेका? म्या कापलं नसतं."

"आधी सांगितलं असतं तर तू ढोलकीबी ठेवली नसतीस."

मग मटणाची ताटं आली, आणि "रस्सा आणा" म्हणायला मात्र सगळ्यांना वाचा फुटली.

मी न जेवता उठलो. ग्रुप सोडला नाही, ती सोय मी त्यांना करून देणार नाही. रोज सकाळी तो गुलाब टाकतो आणि गुलाबाखाली मी बाप टाकतो. तो काढतो. मी परत टाकतो.